जागल्यांची शाळा

आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत जागल्या नांवाचा एक मनुष्य असे. गांव झोंपला म्हणजे त्यानें जागें राहावयाचें, एवढेंच त्याचें काम, अशी आपली समजूत असते. परंतु नुसतें जागें राहणें हें कांहीं मोठेंसें कसब नव्हे. निद्रानाश जडलेला कोणताहि मनुष्य तें करूं शकतो. जागल्याचें खरें कौशल्य निराळेंच होतें. रात्रीं कुत्रें भुंकलें, तर तें कोल्ह्यावर भुंकतें आहे कीं परक्या माणसावर, हें त्याला आवाजावरून ओळखावें लागे. पाचोळा वाजला, तर तो वाऱ्यानें वाजला कीं पावलानें, हें ठरवावें लागे. प्रत्येक आवाजासरशी त्यानें गांव उठविला असता, तर आठ दिवसांत गांवानें त्यालाच हांकलून दिलें असतें. आणि कोणत्याच आवाजाला उठविला नसता, तर एखाद्या रात्रीं गांव लुटला गेला असता. या दोन चुकांच्या मधून जाणारी जी अरुंद पायवाट, तिच्यावरून रोज रात्रीं चालणें हा त्याचा धंदा होता. ती वाट त्याला कोणीं पुस्तकांतून शिकविलेली नसे. बापाच्या मागोमाग फिरून तो ती शिकत असे.

श्रोतेहो, आज या जागल्याची आठवण होण्याचें कारण असें कीं, त्याचा धंदा बुडालेला नाहीं; उलट पूर्वीं कधीं नव्हता एवढा तो वाढला आहे. आपण बँकेची पायरी न चढतां पैसे पाठवितों, आगगाडीचें तिकीट घरबसल्या काढतों, आणि रुग्णालयांतील तपासणीचा अहवाल क्षणार्धांत डॉक्टरांच्या पुढ्यांत येतो. या सर्वांच्या पाठीमागें कोठें तरी हजारों संगणक अहोरात्र चाललेले असतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारीं माणसें पाळीपाळीनें बसलेलीं असतात. पुण्याजवळ हिंजवडीस किंवा नव्या मुंबईंत रात्रीं दोन वाजतां ज्या खिडक्यांतून उजेड दिसतो, त्यांपैकीं कित्येक खिडक्यांच्या आड आपल्याच घरचीं मुलें सातासमुद्रांपलीकडील एखाद्या पेढीच्या यंत्रांची राखण करीत असतात. त्या व्यवसायांत या कामाला देखरेख आणि घटना-व्यवस्थापन असें भारदस्त नांव आहे. त्याचे रीतसर अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रें आहेत. हें शिक्षण जन्मास कसें आलें आणि त्यांतील एकेक धडा कोणत्या किंमतीला विकत घ्यावा लागला, ती हकीकत मला आज सांगावयाची आहे. तिचा बराचसा भाग संगणकाच्या खोलीबाहेर, युद्धांत, अंतराळांत आणि कारखान्यांत घडलेला आहे; कारण राखणदारीची विद्या जेथें जेथें यंत्रें मोठीं झालीं तेथें तेथें थोडीथोडी तयार झाली, आणि संगणकवाल्यांच्या हातीं ती मागाहून आली.

या हकीकतीचा आरंभ दुसऱ्या महायुद्धांत करावा लागतो. समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या हुडकीत फिरणाऱ्या इंग्रजी विमानांत रडारच्या पडद्यापुढें माणसें बसविलेलीं असत. पडद्यावर ठिपका उमटला कीं त्यांनीं तो सांगावयाचा. माणसें निवडक, नजर तीक्ष्ण, आणि चुकीची किंमत काय तेंहि त्यांस पुरतें ठाऊक; तरी पाळी जसजशी लांबे, तसतसे ठिपके त्यांच्या डोळ्यांदेखत निसटूं लागत. याचा छडा लावण्याचें काम केंब्रिज येथील नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानें केलें. त्यानें एक चमत्कारिक घड्याळ तयार केलें. त्याच्या तबकडीवर आंकडे नव्हते. कोऱ्या तबकडीवर एक कांटा ठराविक टप्प्यांनीं पुढें सरके. क्वचित् केव्हां तरी तो एकदम दोन टप्प्यांची उडी मारी, आणि ती उडी दिसतांच पाहणाऱ्यानें कळ दाबावयाची. असा हा दोन तासांचा खेळ होता. मॅकवर्थला आढळून आलें तें असें कीं, पहिला अर्धा तास सरतो न सरतो तोंच माणसाच्या हातून उड्या सुटूं लागतात. १९४८ मध्यें त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले.

ही गोष्ट आज साधी वाटते, परंतु तिनें एक मोठा अन्याय दूर केला. तोंपर्यंत पहारेकरी चुकला म्हणजे त्याला आळशी किंवा बेइमान ठरविण्याची रीत होती. आतां असें दिसून आलें कीं, कांहींच घडत नसलेल्या पडद्याकडे एकटक पाहत राहणें हें मानवी मनाच्या घडणींतच बसत नाहीं. तेव्हां एकटक पाहण्याचें काम यंत्रानें करावें, कांहीं वावगें दिसतांच त्यानें घंटा वाजवावी, आणि घंटा ऐकून काय करावयाचें तें माणसानें ठरवावें, अशी वांटणी पुढें रूढ झाली. वांटणी उत्तम होती. पण घंटा ऐकून काय करावयाचें, हें माणसाला कोण शिकविणार?

या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर १९६९ मध्यें मिळालें, आणि तें प्रत्यक्ष संगणकाच्याच बाबतींत मिळालें. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें चंद्रावर उतरण्याच्या रंगीत तालमी चालल्या होत्या. या तालमींत परीक्षकांचें एक स्वतंत्र पथक असे, आणि नियंत्रण-कक्षांतील लोकांना अडचणींत आणणें हेंच त्याचें काम. अशाच एका शेवटच्या तालमींत त्यांनीं यानाच्या संगणकाचा एक क्वचित् दिसणारा इशारा मुद्दाम सोडला. त्या संगणकाची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या २६ वर्षांच्या तरुणाकडे होती. इशाऱ्याचा नेमका अर्थ त्याला उमगेना. म्हणून त्यानें उतरणें रद्द करावयास सांगितलें. तालीम संपल्यावर परीक्षकांनीं त्याची चूक पदरांत घातली: यान नीट चाललें होतें, रद्द करण्याचें कांहींच कारण नव्हतें. तेव्हां प्रमुख नियंत्रक जीन क्रँझ यानें फर्माविलें कीं, असा जो जो इशारा त्या संगणकांतून येऊं शकेल, त्या प्रत्येकाचा अर्थ आणि त्यावरील उपाय आधींच ठरवून ठेवावा. जॅक गारमन नांवाच्या २४ वर्षांच्या सहकाऱ्यानें स्वहस्तें ती यादी लिहून काढली आणि मेजावरील कांचेखालीं ठेविली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २० जुलै रोजीं, खरें यान चंद्रापासून सुमारें दहा किलोमीटर उंचीवर असतांना १२०२ असा आंकडा उमटला. यानांतील दोघांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. आर्मस्ट्राँगनें पृथ्वीवर विचारणा केली. गारमननें यादी पाहिली, बेल्सला सांगितलें, आणि बेल्सनें कांहीं सेकंदांत ‘पुढें चला’ असा निर्णय दिला. त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच होता कीं, संगणकाकडे एकाच वेळीं फार कामें सांचलीं असून तो बिनमहत्त्वाचीं कामें टाकून देऊन महत्त्वाचीं तेवढीं पुन्हां हातीं घेत आहे. इशारा एकसारखा येत राहिला असता तर धोका होता; अधूनमधून येत होता, म्हणून नव्हता. हा बारीक फरक त्या क्षणीं शोधून काढणें अशक्य होतें. तो आधीं शोधलेला होता म्हणूनच कामास आला. घंटेचा अर्थ घंटा वाजण्यापूर्वीं लावून ठेवावा, हा आमच्या विद्येचा पहिला पाठ होय.

दुसरा पाठ याहून कडू आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजतां अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील थ्री माइल आयलंड येथील वीजगृहांत दुसऱ्या अणुभट्टीला पाणी पुरविणारे पंप बंद पडले. हा बिघाड स्वतः फारसा गंभीर नव्हता. भट्टी आपोआप थांबली. वाढलेला दाब कमी करण्यासाठीं एक झडप आपोआप उघडली, तीहि योग्यच. दाब उतरल्यावर ती मिटावयाची होती. ती मिटली नाहीं. तिच्यावाटे भट्टीचें पाणी वाहून जाऊं लागलें. आणि नियंत्रण-कक्षांतील फळीवरचा दिवा मात्र झडप मिटली असें सांगत होता!

असें कां व्हावें? कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला ‘मीट’ अशी आज्ञा गेली म्हणजे तो बदले. आज्ञा पाळली गेली कीं नाहीं, याची त्याला खबर नव्हती. घरांतल्या मुलाला आपण हांक मारून दार लावावयास सांगावें, आणि तेवढ्यावरून दार लागलें असें समजून खुशाल निजावें, त्यांतलाच हा प्रकार. पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजूं आणि लुकलुकूं लागले. इशारे छापून काढणारें यंत्र तर इतकें मागें पडलें कीं, त्यावर उमटणारी हकीकत पुढें दोन तासांहून अधिक शिळी झाली.

परंतु याहि पलीकडची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या कक्षांतील माणसें अशिक्षित नव्हतीं. त्यांचें शिक्षण झालेलें होतें, आणि त्या शिक्षणांत एक भय त्यांच्या मनावर चांगलें बिंबविलेलें होतें: दाब राखणारी टाकी पाण्यानें कांठोकांठ भरूं देऊं नये. टाकींतील पाणी वर चढलेलें दिसतांच त्यांनीं त्या शिकवणुकीस अनुसरून, आणीबाणीच्या पंपांतून येणारें पाणी स्वतःच्या हातांनीं कमी केलें. भट्टी तहानेली होती, आणि तिच्या राखणदारांनीं पढविल्याप्रमाणें तिचें पाणी तोडलें. नुकत्याच येऊन पोंचलेल्या एका अधिकाऱ्यानें नव्या नजरेनें पाहून वाट बंद करावयास सांगितली, तोंपर्यंत सवादोन तासांहून अधिक काळ लोटला होता. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळून गेला.

चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिती होते. बेसिक या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकीं ते एक. यंत्रांची बाजू जाणणाऱ्या या गृहस्थांच्या मंडळानें त्याच वर्षीं जो अहवाल दिला, त्यांत मुख्य बोट यंत्रांकडे नव्हे, तर माणसांकडे, म्हणजे त्यांचें शिक्षण, त्यांच्या पुढ्यांतील फळी आणि त्यांना चालविणाऱ्या संस्था यांच्याकडे दाखविलेलें होतें. आणखी एक बाब उघड झाली, ती मनाला चटका लावणारी आहे. दीड वर्षापूर्वीं, सप्टेंबर १९७७ मध्यें, ओहायो प्रांतांतील डेव्हिस-बेसी येथें तशीच झडप तशीच उघडी राहिली होती. तेथील माणसांनीं वेळींच ओळखल्यामुळें अनर्थ टळला; पण तो धडा थ्री माइल आयलंडच्या कक्षापर्यंत पोंचलाच नाहीं. अपघातानंतर १९७९ च्या अखेरीस अमेरिकेंतील अणुवीज कंपन्यांनीं एकत्र येऊन एक संस्था काढली. एकाच्या घरीं घडलेली चूक दुसऱ्याला कळावी आणि राखणदारांचें शिक्षण कसास लागावें, हें तिचें काम. पुढें प्रत्येक वीजगृहाला आपल्याच कक्षाची हुबेहूब प्रतिकृति उभारून तींत सराव करण्याची पद्धति पडली.

येथें आपण क्षणभर थांबावें. शिक्षण दिलें म्हणजे झालें, असें आपण शहरांतले सुशिक्षित लोक सहज म्हणून जातों. परंतु थ्री माइल आयलंडनें दाखविलें कीं, अर्धवट शिक्षण हें अज्ञानापेक्षां अधिक घातक ठरूं शकतें. कारण अज्ञानी मनुष्य निदान गोंधळतो, आणि अर्धवट शिकलेला मनुष्य ठामपणें चुकतो. म्हणून दिवा काय सांगतो हें शिकवितांनाच, तो कोठें जोडलेला आहे आणि काय सांगूं शकत नाहीं, हेंहि शिकविलें पाहिजे. संगणकांच्या राखणदारांनाहि आज हाच पाठ देतात. यंत्र ‘मी ठीक आहें’ असें म्हणतें, एवढ्यावर विसंबूं नये. गिऱ्हाइकाच्या जागीं बसून त्याचें काम खरोखर होतें आहे काय, तें निराळें तपासावें.

तिसरा पाठ इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्समध्यें मिळाला. २४ जुलै १९९४ रोजीं मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीच्या कारखान्याच्या परिसरांत मेघगर्जनेसह वादळ झालें. वीज पडून काम विस्कळीत झालें, आणि पुढें कांहीं तासांनीं मोठा स्फोट झाला. २६ माणसें जखमी झालीं. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. चौकशींत असें दिसलें कीं, स्फोटापूर्वींच्या शेवटच्या ११ मिनिटांत कक्षांतील दोघां माणसांपुढें २७५ इशारे आले होते. सरासरीनें दर अडीच सेकंदांस एक! त्यांतील बहुतेकांवर मोठ्या महत्त्वाचा शिक्का होता. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. त्या गोष्टींतील गुराख्याचा पोर निदान एकटा होता. येथें शेंकडों पोरें एकदम ओरडत होतीं, आणि त्यांतल्या एखाद-दोघांनाच खरा लांडगा दिसला होता.

इशारा जोडावयास खर्च फारसा येत नाहीं. म्हणून प्रत्येक इंजिनिअर आपल्या जबाबदारींतून सुटण्यासाठीं एकेक जोडीत जातो. ‘मी इशारा ठेविला होता’ असें त्याला पुढें म्हणतां येतें. पण तो इशारा ऐकणारा कान एकच असतो, आणि त्याची किंमत कोणीच हिशेबांत धरीत नाहीं. १९९९ मध्यें इंग्लंडमधील कारखानदारांच्या एका तांत्रिक संघटनेनें याबाबत मार्गदर्शिका काढली. साधारण परिस्थितींत एका माणसापुढें सरासरीनें दहा मिनिटांस एकाहून अधिक इशारा येऊं नये, असा दंडक तिच्यांत घातलेला आहे. ज्या इशाऱ्यावर माणसानें कांहीं करावयाचेंच नाहीं, तो इशारा नव्हे, हें तत्त्व येथून रूढ होत गेलें.

आणि चौथा पाठ शांततेचा आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजीं दुपारीं ओहायो प्रांतांतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षांत घंटा वाजणें बंद झालें. विजेच्या तारांवर सारें आलबेल होतें म्हणून नव्हे, तर घंटा वाजविणारी संगणकांतील आज्ञावलीच सव्वादोनच्या सुमारास मुकाट्यानें अडकून पडली म्हणून. तारा तापून खालीं झुकत होत्या, वाढलेल्या झाडांना टेंकून एकामागून एक तुटक होत होत्या. बाहेरून दूरध्वनीवर विचारणाहि येत होती. परंतु फळी शांत होती, आणि राखणदारांनीं शांततेवर विश्वास ठेविला. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्य भागांत आणि कॅनडांत सुमारें ५ कोटी लोकांची वीज गेली. चौकशीनंतर तेथील नियंत्रकांना आणीबाणीच्या प्रसंगांचा प्रत्यक्षाप्रमाणें सराव देण्यावर भर देण्यांत आला. हा पाठ आपल्या जागल्याला उपजत ठाऊक होता. रातकिडे एकदम गप्प झाले कीं तो सावध होई. राखण करणाऱ्या यंत्राचीच राखण कोण करतो, हा प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रांतील प्रत्येक उमेदवाराला विचारला पाहिजे.

आतां आपण या पाठांचें शास्त्र कसें झालें, तें पाहूं. १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या सरकारी कचेऱ्यांत संगणक फार झाले, आणि प्रत्येक कचेरी ते आपापल्या तऱ्हेनें चालवूं लागली. तेव्हां सरकारच्या एका मध्यवर्ती संस्थेनें चांगल्या कारभाराच्या रीती गोळा करून पुस्तकांच्या रूपानें काढावयास सुरुवात केली. आयटिल या नांवानें ही ग्रंथमाला पुढें जगभर पसरली, आणि तिच्यावर परीक्षा होऊं लागल्या. २००७ मध्यें निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तींत घटना-व्यवस्थापनाला स्वतंत्र प्रकरण मिळालें, आणि २०१९ मध्यें सुरूं झालेल्या चौथ्या आवृत्तींत देखरेख व घटना-व्यवस्थापन ही एक जोड-विद्या म्हणून मांडली गेली.

या विद्येचा गाभा एका साध्या वर्गवारींत आहे. यंत्रांत जी जी नोंद घेण्यासारखी हालचाल होते, ती घटना. घटनांचे वर्ग तीन. रात्रीं हिशेबाच्या नकला काढून झाल्या, ही नुसती माहिती. ती नोंदवहींत लिहून ठेवावी, कोणाला उठवूं नये. सांठवणीची जागा शेंकडा ऐशीं भरली आणि याच गतीनें चार दिवसांत संपेल, ही पूर्वसूचना. सकाळीं योग्य माणसाच्या हातीं द्यावी. पैसे पाठविण्याचें काम बंद पडलें, हा अपवाद. येथें मात्र रात्रीं दोन वाजतांहि माणसाला उठवावें. कोणती हालचाल कोणत्या वर्गांत घालावयाची, सीमा कोठें आंखावयाची, एक तार तुटल्यामुळें शंभर यंत्रांनीं एकदम टाहो फोडला तर त्या शंभर हांकांतून एक कारण कसें काढावयाचें, आणि महिन्याच्या अखेरीस कोणत्या घंटा फुकट वाजल्या याचा झाडा कसा घ्यावयाचा, हा सारा त्या अभ्यासक्रमाचा विषय होय. चंद्रावर उतरतांना गारमननें जी यादी केली, तीच येथें घरोघर करावयाची आहे, असें म्हटलें तरी चालेल.

परंतु पुस्तकानें आणि परीक्षेनें जागल्या तयार होतो काय? माझ्या मतें होत नाहीं. आणि या व्यवसायांतील जाणत्या मंडळींनाहि हें लवकरच उमगलें. २००३ च्या सुमारास गूगल कंपनींत बेन ट्रेनर यांच्या हाताखालीं यंत्रांची राखण करणाऱ्या इंजिनिअरांचें एक निराळें पथक उभें राहिलें. त्यांच्या रीती २०१६ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या आहेत. नव्या माणसाला तेथें प्रथम जुन्याच्या सावलीसारखें वागवितात. जुन्याची घंटा वाजली कीं नव्याचीहि वाजते, पण निर्णय जुन्यानें घ्यावयाचा. आठवड्याला एकदां जमून पूर्वीं घडून गेलेला एखादा अपघात नाटकासारखा पुन्हां उभा करतात. एक जण यंत्राच्या वतीनें बोलतो, दुसऱ्याला विचारतात: आतां तूं काय पाहशील, काय करशील? एका पाळींत एका माणसावर दोनाहून अधिक प्रसंग येऊं नयेत, अशीहि त्यांची मर्यादा आहे. कारण प्रत्येक प्रसंग निस्तरून त्यापासून शिकावयास वेळ लागतो. अमेझॉन कंपनींत जेसी रॉबिन्स या अग्निशामक दलाचें शिक्षण घेतलेल्या गृहस्थानें तर चालत्या यंत्रशाळेंत मुद्दाम बिघाड घडवून आणून माणसांची तयारी पाहण्याची प्रथा पाडली. आगीशीं झुंजणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगावी लागत नाहीं कीं, शिडी चढण्याची संवय आग लागण्यापूर्वींच करावी लागते.

या सर्व रीतींत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक: प्रसंग टळल्यावर काय चुकलें याची हकीकत लिहावयाची, ती कोणाला दोषी न ठरवितां लिहावयाची, आणि सर्वांना वाचावयास द्यावयाची. डेव्हिस-बेसीची हकीकत अशा रीतीनें थ्री माइल आयलंडला पोंचली असती, तर ती भट्टी बहुधा वांचली असती. ज्या ठिकाणीं चूक कबूल करणाराची नोकरी जाते, त्या ठिकाणीं चुका घडावयाच्या थांबत नाहींत. त्या लपावयास मात्र शिकतात.

सारांश, घंटा लावणें सोपें आहे. पैसे दिले कीं घंटा हव्या तेवढ्या मिळतात. घंटेचा अर्थ जाणणारा, दिव्यावर योग्य तेवढाच विश्वास ठेवणारा, कोलाहलांत एक खरा आवाज ओळखणारा आणि शांततेलाहि प्रश्न विचारणारा मनुष्य मात्र विकत मिळत नाहीं. तो घडवावा लागतो. त्याला घडविण्यास पुस्तक हवें, तालीम हवी, शेजारीं बसून शिकविणारा वडीलधारा हवा, आणि चुकल्यावर खरें बोलतां येईल असें घर हवें. यांतलें पहिलें आज सर्वत्र मिळतें. उरलेलीं तीन ज्या कचेरींत नाहींत, तेथें भिंतीवर प्रमाणपत्रें कितीहि टांगलीं तरी कक्षांतला मनुष्य घंटेच्या वेळीं एकटाच असतो.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं कोणी मुलगा किंवा मुलगी रात्रपाळीला जात असेल, आणि सकाळीं परत आल्यावर ‘रात्रीं काय केलेंस?’ या प्रश्नास ‘कांहीं नाहीं, सगळें ठीक होतें’ असें उत्तर देऊन निजत असेल. ‘नुसतें पडद्याकडे पाहत बसावयाचें, त्यांत कसलें आलें आहे काम!’ असें आपण पुढच्या वेळीं म्हणूं नये. कांहीं घडलें नाहीं ही त्याच्या कामाची फलश्रुति असूं शकते. गांवाला सकाळीं जाग येई, गाईगुरें दावणीस जेथल्या तेथें असत, आणि रात्रीं जागल्यानें किती आवाज ऐकून सोडून दिले, तें कोणालाच कळत नसे. त्याच्या शहाणपणाची साक्ष गांवाची झोंप हीच होती.